इराकचा वाद आणि मामाचा फेटा

हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग. केंदूरकर पाहुण्यांनी जेवणाची घाई करू नये. जिलेबी मुबलक आहे.

*

तळहातावर आडवा ठेवलेला नारळ. तो घेऊन पाणाड्या रानातून चालतो. एका जागी नारळ आपोआप उभा राहतो. पाणाड्या थांबतो. "हितं."

*

टीव्हीवर हिरवा अंधार, त्यात उडणारे पांढरे ठिपके. खाली पळणारी ओळ. कुणीतरी म्हणतं, बगदाद.

*

दौंडच्या स्टेशनात इंजिन गाडीपासून सुटतं, शेजारच्या रुळावरून मागं येतं आणि दुसऱ्या टोकाला जोडलं जातं. खिडकीतला माणूस चमकून विचारतो, "काय ओ, आपण माघारी निघालो काय?"

*

शेवंतीच्या रोपांवर बसलेली दगडाची भुकटी. पिठासारखी. पण पीठ झटकता येतं.

*

केशरी फेटा. अजून न बांधलेला.

*

फेटा सकाळपासून नवरीच्या आईच्या, कस्तुराबाईच्या काखेत होता. शिरूरच्या त्या मंगल कार्यालयात वधूच्या खोलीला एसी होता आणि तरी तिला घाम फुटला होता. बाकीच्या पाहुण्यांना फेटे बांधायला एक पोरगा भाड्यानं आणलेला. तो माणसाला खुर्चीत बसवून, बोलता बोलता, डोकं गुंडाळून मोकळा करायचा. पण नवरीच्या मामाचा फेटा त्याच्या हाताचा चालत नाही. तो नवरीच्या बापानं बांधायचा. मग मामा भाचीला बोहल्यावर आणतो आणि अक्षता पडेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. कवठे येमाईत हे असंच चालत आलेलं.

"अवो, माणसं जमली," ती हौसरावांना म्हणाली. "गोरज मुहूर्त हाय, सूर्य काय आपल्यासाठी थांबायचा न्हाई. बांधा ना आनंदाला फेटा."

हौसराव आरशासमोर मिशीला पीळ देत होते. "मी कुठं नको म्हणतोय? त्येनं एकदा म्हणावं, मी लगी बांधतो."

"काय म्हणावं?"

"हेतू वाईट न्हवता."

"कुणाचा?"

"अमेरिकेचा."

कस्तुराबाईनं आरशातल्या नवऱ्याकडं पाहिलं, मग आरशाबाहेरच्या. दोन्हीकडं तोच माणूस होता.

खुर्चीत बसलेली ज्ञानेश्वरी खदखदून हसली. मुंडावळ्या हलल्या. "आप्पा, म्हंजी त्या अमेरिकेपायी मी बिनमामाची उभी राहू व्हय?"

"बिनमामाची कशाला? चुलतमामा हाय की सुरज."

"सुरजमामा माझ्याहून बारका हाय. माझ्या मागं उभा केला तर फोटोत फेटाच दिसंल निस्ता."

आता हौसरावांनाही हसू आलं. त्यांनी ते मिशीत दाबलं. पण ज्ञानेश्वरीचं हसणं मध्येच थांबलं. कॉलेजची सगळी वर्षं ती दौंडला मामाच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहिली होती. रात्रपाळी करून आलेला मामा न झोपता तिला परीक्षेला सोडायला जायचा. "आप्पा," ती हळू आवाजात म्हणाली, "आनंदामामा पाठीशी नसंल तर मी अंतरपाटापाशी जायची न्हाई. गुरुजींना काय सांगायचं ते तुमी सांगा."

ही पोरगी बोलली की करते, हे कस्तुराबाईला ठाऊक होतं. बापाचीच होती ती. तिनं फेटा दुसऱ्या काखेत घेतला आणि बाहेर पडली.

*

आनंदराव शेवटच्या रांगेत, कूलरच्या तोंडाशी बसले होते. सगळ्या हॉलात केशरी डोकी, त्यात हे एकच उघडं, पिकलेलं. शेजारी त्यांची बायको धुरपदा. तिनं नणंदेला लांबूनच मान हलवून सांगितलं : न्हाई ऐकत.

"आनंदा, ऊठ."

"आक्का, मी जेवून जाणार हाय. भाचीच्या लग्नातनं उपाशी जायचा न्हाई. पर उघड्या डोक्यानं ष्टेजवर चढायचा न्हाई."

"ते बांधत्यात फेटा. तू निस्तं एकदा म्हण ना बाबा."

"काय म्हणू? हेतू चांगला व्हता? आक्का, घातक हत्यारं हायती म्हणून आत शिरले. घावली का? न्हाई. तेल घावलं का? घावलं. लाखो माणसं गेली. आन् मी म्हणू हेतू चांगला?"

"आरं, हितं कुणाला काय कळतंय तू काय म्हणला ते?"

"मला कळतंय." आनंदरावांनी हाताची घडी घातली. "दाजींनी म्हणावं आधी, की मागचं निस्तरलं न्हाई. घुसायला सगळे पुढं, निस्तरायला कुणी न्हाई. एवढं म्हणावं. मी हा आलो."

धुरपदानं कपाळाला हात लावला. "वन्सं, आमच्याकडं तर चहात साखर कमी पडली तरी इराकच येतो."

*

इराक त्यांच्या घरात आला त्याच महिन्यात रानात बोअरची मशीन आली होती. त्या वर्षी पाणी कुठंच नव्हतं. कस्तुराबाईच्या बांधाला लागून आनंदरावांनी एक तुकडा घेतला होता. धुरपदा दर आठवड्याला दौंडहून येऊन त्यात शेवंती करायची. पाणाड्याचा नारळ उभा राहिला तो नेमका त्या तुकड्यात. हौसरावांनी मशीन आणली. दोन्ही रानांना पाणी होईल, मेव्हण्याची शेवंती जगेल, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं, असं ते म्हणत. मशीन रात्रभर घरघरली. पाणी लागलं नाही. निघाली ती दगडाची भुकटी, नि ती जाऊन बसली पुढच्या लागणीसाठी जपलेल्या रोपांवर. मशीन निघून गेली. भुकटी राहिली. दुसऱ्या दिवशी हौसराव पाण्याच्या टँकरमागं, मग ज्वारीमागं; रोपं धुवायला, भुकटी उचलायला कुणाला सवड झाली नाही. शेवंती गेली.

"तुकडा माझा. मला इचारलं कुणी?" आनंदराव तेव्हा म्हणाले होते.

"म्यां काय माझ्यासाठी केलं?" हौसराव म्हणाले होते.

एवढंच. त्यानंतर बोअरचं नाव त्या दोघांनी कधी काढलं नाही. नात्यात बोअरवरून भांडणं बरं दिसत नाही. संध्याकाळी टीव्हीवर बगदाद दिसलं आणि दोघांनाही भांडायला जागा सापडली. मग सलूनमध्ये इराक, दूध डेअरीच्या कट्ट्यावर इराक. दौंडला गणपतीपुढं जाहीर चर्चा ठेवली तेव्हा हौसराव एवढ्या लांबून जाऊन उठून उभे राहिले आणि मेव्हण्याच्या भाषणात मध्येच म्हणाले, "वक्त्यांनी पुरावा द्यावा." त्या दिवसापासून बोलणं बंद. जगात नवं युद्ध पेटलं की बाकीच्यांना ते नवं वाटायचं. हे दोघे तेवढ्यावरून, आपापल्या गावात, जुनंच पुन्हा उकरायचे.

आणि ह्या सगळ्यात एक गोष्ट अशी होती जी चौघांनाही माहीत होती, हौसरावांना, आनंदरावांना, कस्तुराबाईला आणि धुरपदाला. ती हौसरावांनी एकदा जरी तोंडाबाहेर काढली असती तर आनंदराव चारचौघांत तोंडघशी पडले असते. त्यांनी ती काढली नव्हती. पण आज पोरीचं लग्न, माणसाचं डोकं फिरायला काय लागतं?

*

दोघी जिलेबीच्या कढईपाशी उभ्या राहिल्या.

"धुरपदा, हे एकमेकांशी बोलायचे न्हाईत."

"न्हाई बोलायचे." धुरपदानं एक जिलेबी मोडून अर्धी नणंदेच्या हातावर ठेवली. "पर वन्सं, माइकशी बोलतील की. ह्यांनी एकमेकांना टाकलं, माइक कवा टाकलाय?"

कस्तुराबाईनं जिलेबी तोंडात टाकली. पाक मनगटावर ओघळला. हे बरोबर होतं. एवढी वर्षं तिनं दोघांना एका खोलीत बसवायचा प्रयत्न केला होता. खोली लहान पडत होती. ह्यांना हॉल पाहिजे होता.

रोहिदास माइकपाशीच होता. तालुक्यातलं लग्न त्याच्या आवाजाशिवाय लागत नसे. आत्ता तो आलेल्या प्रत्येक सरपंच, माजी सरपंच आणि भावी सरपंचाचं नाव घेऊन स्वागत करत होता.

"रोहिदास, आता शेवटी दोघांची आशीर्वादाची भाषणं ठेव. ह्यांचं आन् आनंदाचं. दोघांना दोन माइक."

रोहिदासनं माइकवर हात ठेवला. त्याचा रंग उडाला. "वहिनी, मुहूर्त जाईल ओ. त्या दोघांचं म्या गणपतीत ऐकलंय. लायटिंगवाला झोपला व्हता."

"मामाशिवाय बी मुहूर्त जाणारच हाय. मग बोलून तरी जाऊ दे."

*

"यानंतर," रोहिदासचा आवाज हॉलभर घुमला, "वधूपिता, प्रगतिशील शेतकरी, आंतरराष्ट्रीय घडामोडींचे गाढे अभ्यासक श्रीमान हौसराव! आणि त्यांच्याच सोबत वधूचे मामा, रेल्वेतून सन्मानानं निवृत्त, ज्येष्ठ विचारवंत श्रीमान आनंदराव!"

आनंदराव कूलरपाशी ताठ झाले. विचारवंत म्हटल्यावर माणसाला बसून राहता येत नाही. त्यांनी उघड्या डोक्यावरून हात फिरवला आणि निघाले. कस्तुराबाई स्टेजच्या पायरीशी जाऊन उभी राहिली. कुणी पळालं तर तिथंच अडवायचं, असं तिनं ठरवलं होतं.

हौसरावांनी सुरुवात सरळ केली. "नवरा-नवरीला आशीर्वाद. संसार हा विश्वासावर चालतो. समोरच्याचा हेतू चांगला धरून चालावं. जगात काही लोक परत्येक गोष्टीत खोट बघत्यात..."

"नवरा-नवरीला माझाबी आशीर्वाद," दुसऱ्या माइकमधून आनंदराव. "हेतू कुणी बघत न्हाई. आपल्या करणीनं दुसऱ्याच्या घराचं काय झालं, ते बघावं. उदाहरण म्हणून इराक घ्या."

केंदूरकरांच्या बाजूला खुर्च्या सरकल्या. ज्यांनी पंगतीकडं निघायला बूट चढवले होते ते पुन्हा बसले.

"घेऊ की इराक!" हौसराव. "तिथं जुलमी माणूस बसला व्हता का न्हाई? आपल्याच माणसांना मारत व्हता का न्हाई?"

"व्हता. मग इतकी वर्षं तो बसला तवा कुणाला दिसला न्हाई? तेल दिसलं तवाच दिसला?"

"त्येंना खबर व्हती. हत्यारं हायती म्हणून."

"खबर कुणी दिली? ज्येला जी ऐकायची असती ती त्येला कुणीबी देतं!"

टाळ्या. माइकनं शिट्टी मारली. रोहिदासनं धावत जाऊन बटण फिरवलं.

"व्याही," केंदूरचे मच्छिंद्रराव, नवऱ्या मुलाचे वडील, जागेवरून ओरडले, "मुहूर्त!"

"दोन मिनिटं," हौसराव म्हणाले.

"न्हाई, तसं न्हाई," मच्छिंद्रराव उठले, "मी म्हणतो, मुहूर्ताचं गुरुजी बघतील. पर तुमचं पटलं मला. माणूस चुकू शकतो की! खबर चुकीची निघाली म्हंजी तो लबाड व्हत न्हाई."

"बाबा, काहीही काय?" बोहल्यावरून सुदर्शन, म्हणजे खुद्द नवरदेव. बाशिंग सावरत तो उभा राहिला. "एवढा मोठा देश, त्येला खात्री करायला कुणी अडवलं व्हतं? मामांचं बरोबर हाय."

"बघा!" आनंदराव. "जावई शिकलेला हाय."

तोपर्यंत हॉलात दोन वऱ्हाडं होती, केंदूरचं आणि कवठ्याचं. आता पुन्हा दोनच झाली, पण वेगळी. केंदूरच्या आत्या कवठ्याच्या काकांशेजारी जाऊन बसल्या. फेटे बांधणारा पोरगा हेतूच्या बाजूचा निघाला. गुरुजी पंचांग मिटून म्हणाले, "तेल हे कारण असू शकतं, पण एकमेव नव्हे," आणि दोन्हीकडून शिव्या खाऊन पुन्हा पंचांग उघडून बसले. वधूच्या खोलीचं दार किलकिलं झालं होतं आणि फटीतून मुंडावळ्या दिसत होत्या. कस्तुराबाईच्या लक्षात आलं, आपण हसतोय. एवढी वर्षं जो आवाज ती चुकवत आली होती, तोच आवाज दोन हजारांच्या घोळक्यात निव्वळ जत्रेतल्यासारखा वाटत होता.

मग आनंदरावांचा आवाज खाली आला.

"हेतूचं मी सोडून देतो, दाजी." किती तरी वर्षांनी ते दाजी म्हणाले, आणि तेही स्पीकरमधून. "पर मेलेल्या माणसानं हेतूचं काय करायचं? ज्येचं घर पडलं त्यो काय हेतू अंगावर घेऊन झोपंल? तुमी आत शिरला. ठीक. चुकलं, ठीक. मग मागं थांबायचं का न्हाई? पोरंबाळं, घरंदारं, पाणी, दिवा, ह्येचं बघायचं का न्हाई? उलट्या टोकाला इंजिन जोडून निघून जायचं? मला राग हेतूचा न्हाई. राग माघारी बघितलं न्हाई ह्येचा हाय."

हॉलात टाळ्या वाजवायला उचललेले हात तसेच राहिले.

हौसरावांनी माइक तोंडाशी नेला. खाली घेतला. पुन्हा नेला. "आनंदराव," ते म्हणाले, "एक गोष्ट हाय. ती म्यां आजवर कवा बोललो न्हाई."

कस्तुराबाईनं ती ओळखली. खाली धुरपदानं पदर तोंडात धरला. आनंदरावांचा चेहरा उतरला. त्यांनाही कळलं होतं कुठली गोष्ट. ही बाहेर पडली तर आनंदा सरळ दारातून जाईल, दौंडची गाडी धरेल, आणि पोरीनं सांगितलेलं खरं करून दाखवलं की वऱ्हाड माघारी जाईल. कस्तुराबाईनं पायरीवर पाय ठेवला.

हौसरावांनी मेव्हण्याकडं पाहिलं. उघडं, पिकलेलं डोकं. मग ते म्हणाले, "धुरपदाची शेवंती गेली. ती म्यां धुवायला पायजे व्हती. दोन हंडे पाणी लागलं असतं. तेवढं घरात व्हतं."

स्पीकरमधून शब्द भिंतींपर्यंत गेले आणि परत आले.

"शेवंती?" मच्छिंद्ररावांनी शेजाऱ्याला विचारलं. "इराकात शेवंती व्हती?"

"आसंल की. गरम हवा हाय तिथं."

कुणीतरी फुस्सकन हसलं आणि मग सगळा हॉल, कशाला ते न कळता, हसत सुटला. धुरपदा मात्र हसत नव्हती. तिनं तोंडातला पदर सोडला आणि डोळ्याला लावला.

आनंदरावांनी घसा खाकरला. "दाजी... त्या वक्ताला, सुरवातीला... खरंच वाटलं असंल. हत्यारं असतील म्हणून. पाणी लागंल म्हणून. सगळ्यांनाच वाटतं." त्यांनी माइक खाली केला आणि बिनमाइकचं, अगदी हळू म्हणाले, "हेतू वाईट न्हवता."

ते फक्त पायरीपर्यंत ऐकू आलं. कस्तुराबाईला पुरे झालं. ती वर चढली आणि काखेतला फेटा नवऱ्याच्या हातात कोंबला. "आता बांधा. न्हाईतर सूर्य खरंच जाईल."

*

हौसरावांना फेटा बांधता येत नव्हता, हे कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. एवढी वर्षं भांडणात गेली, सराव कधी करणार? पहिला वेढा नाकावर आला. दुसऱ्यात कान गेला. भाड्याचा पोरगा मदतीला धावला तर हौसरावांनी त्याला हातानं लांब केलं. "मामाचा हाय. बापानंच बांधायचा."

"बापानं बांधावा, पर मामाला दिसलं पायजे," फेट्याच्या आतून आनंदराव म्हणाले.

"गप बसा. लई बोलला आज."

"तुमीच जास्त बोलला. टाळ्या मोजा."

शेवटी तो बसला. एका बाजूला झुकलेला, तुरा पाठीमागं जायच्या ऐवजी खांद्यावर. आनंदरावांनी आरसा मागितला नाही. वधूच्या खोलीचं दार उघडलं. ज्ञानेश्वरी बाहेर आली, मामाकडं पाहिलं आणि म्हणाली, "मामा, हे काय ओ डोक्यावर?"

"तुझ्या बापाचं काम. चल."

अंतरपाट धरला. गुरुजींनी पंचांगाकडं न बघता आभाळाकडं बघितलं आणि आवाज लावला. मंगलाष्टकं सुरू झाली. एका कडव्याच्या शेवटी सगळ्यांनी अक्षता टाकल्या, आणि तेवढ्या उसंतीत कस्तुराबाईला भावाचा आवाज ऐकू आला :

"तरी दाजी, तेलाचा मुद्दा ऱ्हायलाच."

"आनंदराव, अक्षता टाका."

"टाकतो. पर जेवताना बसू."

"बसू की. शेजारीच बसू."

तांदूळ उडाले. केशरी डोक्यांवर, वाकड्या फेट्यावर, बाशिंगावर. रोहिदासनं माइक हातात घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा काय बोलावं ते न सुचून नुसताच "वा!" म्हणाला. ज्ञानेश्वरीनं हार घातला. तिच्या पाठीशी मामा होता. धुरपदानं मागून नणंदेचा हात धरला. तो अजून पाकानं चिकट होता.

*

हौसरावांनी आजही न काढलेली गोष्ट एवढीच : बोअर मारायच्या दिवशी मशीनला हार घालून नारळ आनंदरावांनी फोडला होता, आणि तो त्यांच्या हातात हौसरावांनी दिला होता.